चार्जिंगच्या वायरचं जरतारी कूळ

सप्टेंबर २०२४ मध्ये लक्सशेअर या चिनी कंपनीने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लिओनी कंपनीचा निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा विकत घेण्याचा करार जाहीर केला. लक्सशेअर ही फोनच्या केबली आणि पिना बनवून मोठी झालेली कंपनी. लिओनी मोटारगाड्यांच्या आतलं तारांचं जाळं पुरवणारी. अर्थविषयक पानांवर या बातमीची चर्चा झाली ती वाहनउद्योगाच्या अंगाने, आणि ते साहजिकच होतं. पण लिओनी हे नाव कुठून आलं ते पाहिलं की त्याच बातमीची दुसरी बाजू दिसू लागते. १९१७ मध्ये न्यूरेंबर्ग आणि शेजारच्या रोट गावातले काही कारखाने एकत्र होऊन ही कंपनी झाली, तेव्हा तिच्या नावात ‘लिओनिश’ असा शब्द होता. लिओनिश माल म्हणजे जर: कलाबतू, किनारीच्या फिती, गोंडे, लष्करी गणवेशावरची नक्षी, नाताळच्या झाडावरची झगमगती झालर. रोट गावात या धंद्याचं संग्रहालयही आहे. म्हणजे फोनची केबल करणाऱ्याने जर करणाऱ्याचं घराणं विकत घेतलं. हा व्यवहार करताना कुळाचा विचार कुणाच्या मनात आला नसेल, पण कूळ मात्र एकच आहे. चार्जिंगच्या वायरचे पूर्वज शोधायचे तर दिव्याच्या वायरीकडे किंवा संगणकाकडे न जाता जरीच्या धाग्याकडे जावं लागतं, असं माझं प्रतिपादन आहे. आणि आपल्या वायरी नेमक्या पिनेपाशीच का तुटतात याचं उत्तरही त्याच कुळात सापडतं.

आधी जर कशी घडते ते पाहू. तारकशीचं काम करणारा कारागीर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची कांब पोलादी पट्टीतल्या छिद्रांतून ओढतो. प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा लहान, त्यामुळे कांबीची तार होते आणि तार केसाइतकी बारीक होत जाते. ती दाबून चपटी केली की तिला बादला म्हणतात. हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती एकाला एक लागून फेरे देत गुंडाळला की कलाबतू तयार. पैठण आणि येवल्याच्या मागांवर जी जर चढते ती याच रीतीची, आणि तिचं मोठं केंद्र म्हणजे सुरत. सतराव्या शतकात तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने बुऱ्हाणपूरच्या जरतारी कापडाविषयी लिहून ठेवलं आहे. या रचनेत एक शहाणपण आहे. विणताना धोट्याची ओढ असते, फणीचा ठोका असतो, पुढे साडीची घडी पडते. यातली ओढ सगळी आतला धागा सोसतो. बाहेरच्या धातूवर ओझं जवळजवळ नसतंच. त्याने फक्त चमकायचं. एवढा पातळ धातू एकटा ताणला तर लगेच तुटेल, आणि नुसत्या रेशमाला सोन्याची चमक येणार नाही. सोसणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा, ही कामाची वाटणी हाच या तंत्राचा गाभा आहे. त्याची मर्यादाही जरीची साडी जपणाऱ्या घरांना ठाऊक असते: घडी वर्षानुवर्षं त्याच जागी ठेवली तर साडी घडीवर चिरते, म्हणून मधून मधून घडी मोडून वेगळी घालतात. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा वाकणं हा पातळ धातूचा शत्रू आहे. हे वाक्य चार्जिंगच्या वायरलाही शब्दशः लागू पडतं.

‘लिओनिश’ या नावाचं गाव कोणतं, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो फ्रान्समधलं ल्योन, दुसरा म्हणतो स्पेनमधलं लेओन. स्पेनच्या बाजूने असं मांडलं जातं की मुस्लिम राजवटीत अंदालुसियात सोन्याच्या धाग्याचं उत्तम रेशमी कापड होत असे, तेव्हा ही कला तिथूनच उत्तरेला गेली असणार. अंदालुसियाच्या कापडाविषयीचं म्हणणं खरं आहे, पण ते लेओनच्या कामाचं नाही. त्या कापडाची नावाजलेली गावं आल्मेरिया आणि ग्रनाडा, म्हणजे स्पेनचं दक्षिण टोक. लेओन आहे उत्तरेला, आणि जरीसाठी त्याची ख्याती नाही. ल्योनचा दावा मात्र दोन खुंट्यांवर घट्ट बसतो. १५३६ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने ल्योनच्या रेशीम कारागिरांना खास सवलती दिल्या आणि ते गाव रेशमाचं केंद्र झालं. आणि १५६९ मध्ये अँथनी फूर्निए नावाचा कारागीर ल्योनहून न्यूरेंबर्गला आला, तो ही विद्या घेऊनच. लिओनी कंपनी आपला आरंभ याच सालापासून मोजते. मी ल्योनच्या बाजूचा आहे. मात्र तंत्राचा जन्म या दोन्ही गावांत झाला नाही, हेही तितकंच ठामपणे सांगितलं पाहिजे. सोन्याच्या पत्र्याच्या चिंध्या कापून त्या वस्त्रात विणण्याचा उल्लेख ज्यूंच्या धर्मग्रंथातही येतो, आणि धाग्यावर धातू गुंडाळण्याची रीत आशियाभर फार जुनी आहे. ल्योनने न्यूरेंबर्गला जे दिलं ते शेवटचं, पण आपल्या कथेसाठी निर्णायक वळण. न्यूरेंबर्ग आधीपासूनच तार ओढण्यात तरबेज शहर होतं, आणि तिथे स्थिरावलेल्या लिओनिश मालातली तार सोन्याची किंवा चांदीची नसे. ती तांब्याची असे. सोन्या-चांदीचा फक्त मुलामा. आपल्याकडे जिला खोटी जर म्हणतात तिचीही घडण हीच, तांब्यावर चांदीचा थर. धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची चपटी तार. विजेचा उपयोग कुणाच्या ध्यानीमनी नव्हता तेव्हापासून विजेची एक उत्तम लवचीक वाहक जरीच्या दुकानात विकायला होती.

तिला गिऱ्हाईक मिळालं ते टेलिफोनच्या रूपाने. बेलचं पेटंट १८७६ चं. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं आणि १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि चेन्नईतही एक्स्चेंज आली. तारयंत्राच्या जमान्यात तार खांबावर किंवा समुद्राच्या तळाशी पडून राहत असे, तिला हलवायचं कुणाला कारण नव्हतं. टेलिफोनने प्रथमच अशी तार मागितली जी माणसाच्या हातात दिवसभर हलेल: श्रोत्याच्या कानाशी उचलली जाईल, पिळली जाईल, खाली टाकली जाईल. एक्स्चेंजमध्ये तर ऑपरेटर बाई प्रत्येक कॉलला एक दोरी ओढून फळ्यावरच्या भोकात खुपसत आणि संपला की उपटत. भरीव तांब्याची तार असा मार फार काळ सोसत नाही. म्हणून त्या दोऱ्यांमध्ये कलाबतूच आला: सुती किंवा रेशमी धाग्याभोवती तांब्याच्या पातळ पट्टीचे फेरे, अशा अनेक धाग्यांचा पीळ, त्यावर आणखी धाग्याची वीण. इतकंच नव्हे, दोरीच्या टोकाला धाग्याचा एक पीळ मोकळा सोडलेला असे आणि तो यंत्राच्या आतल्या आकड्याला बांधत. दोरी कितीही ओढली तरी ओढ त्या आकड्यावर जाई, विजेच्या जोडणीवर नाही. पैठणीच्या पदरातली वाटणी इथे जशीच्या तशी आहे. धातूचं काम तेवढं बदललं, चमकायच्या ऐवजी आवाज वाहून न्यायचा.

ही रचना टिकते का, याचं गणित सोपं आहे. तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि किती ताणली जाते ते तारेची निम्मी जाडी भागिले वळणाची त्रिज्या एवढ्यावर ठरतं. ०.३ मिलिमीटर जाडीची भरीव तार ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकवली तर तिची बाहेरची बाजू ३ टक्के लांबते. तांब्यासाठी हे खूप झालं; प्रत्येक वाकण्यासरशी धातू आतून कडक होत जातो, सूक्ष्म चिरा पडतात आणि थोड्याच वेळा वाकवल्यावर तार तुटते. तीच वाक ०.०२ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला दिली तर लांबणं ०.२ टक्के, म्हणजे पंधरापट कमी. शिवाय पट्टी धाग्याभोवती मळसूत्रासारखी फिरलेली असल्यामुळे वाकताना तिचे फेरे एकमेकांपासून किंचित सरकतात आणि उरलेला ताणही बराचसा निघून जातो. धातूला थकवा येतो तो जाडीमुळे, हे जरीच्या कारागिराने सूत्रात मांडलं नव्हतं, पण हाताने जाणलं होतं. भरीव तारेऐवजी बारीक तारांची जुडी घेण्यामागेही हेच तत्त्व आहे; कलाबतूने ते शेवटच्या टोकापर्यंत नेलं.

इथे पहिला आक्षेप असा येऊ शकतो की टेलिफोनच्या अभियंत्यांना ही रचना स्वतंत्रपणे सुचली असेल. अडचण सारखी असली की उपायही सारखे निघतात, त्यासाठी नातं लावायची गरज नाही. आक्षेप वजनदार आहे, पण तीन गोष्टी त्याच्या विरोधात जातात. पहिली, धंद्याची भाषा: इंग्रजीत या तारेला टिन्सेल म्हणतात, जो जरीच्या झगमगीचा शब्द आहे, आणि जर्मन कारागीर भरतकामातल्या बादल्याला जो ‘लान’ शब्द वापरतात तोच या तारेलाही वापरतात. नव्याने शोधलेल्या वस्तूला सहसा नवं नाव मिळतं. उसनी आणलेली वस्तू आपलं नाव घेऊन येते. दुसरी, कारखाने: लिओनिश मालाच्या कारखान्यांनीच पुढे विजेच्या तारा आणि केबली काढल्या, आणि कंपनीचं आजचं नाव त्याची साक्ष देतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. विजेच्या तारेचा सगळा आरंभच कापडाच्या धंद्यातून झाला आहे. जोसेफ हेन्रीने १८३० च्या सुमारास आपल्या विद्युत्‌चुंबकांसाठी तार रेशमात गुंडाळली. १८३७ मध्ये लंडनच्या विल्यम हेन्लीने तारेवर रेशीम आणि सूत चढवणारं यंत्र तयार केलं, आणि पुढे त्याच नावाने केबलचा मोठा कारखाना उभा राहिला. बुटाच्या नाड्या विणणारं यंत्र तारेवर वीण चढवू लागलं. आजच्या यूएसबी केबलच्या आतली कल्हई केलेल्या तांब्याची जाळीही त्याच जातीच्या यंत्रावर विणली जाते. जिथे धाग्याचा कारागीर आणि तारेचा कारागीर एकाच छपराखाली काम करत होते, तिथे कलाबतू टेलिफोनच्या दोरीत गेला तो शेजारच्या फळीवरून, असं मानणं अधिक सयुक्तिक आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, चार्जिंगची वायर दिव्याच्या वायरीपासून आली. दोन्ही वीज वाहतात, दोन्हींवर प्लास्टिक असतं. पण दिव्याची वायर एकदा लावली की लटकून राहते. रोज गुंडाळली, ओढली, खिशात कोंबली जाणारी वायर ही टेलिफोनचीच वारस आहे, आणि मधल्या पिढ्या डोळ्यांसमोर आहेत. लँडलाइनच्या रिसीव्हरची कुरळी वायर आठवा. ती वर्षानुवर्षं ताणली गेली, गाठी पडल्या, मुलांनी बोटाला गुंडाळली, आणि तरी क्वचितच आतून तुटली. तिच्या आत टिन्सेल होतं. ध्वनिक्षेपकाच्या थरथरणाऱ्या पडद्याला वीज देणाऱ्या छोट्या वेण्या सेकंदाला शेकडो वेळा हलतात, त्याही टिन्सेलच्याच. इयरफोनची वायर सोलली तर लाल, हिरव्या, सोनेरी लाखेने रंगवलेल्या बारीक तारांबरोबर पांढरा धागा निघतो. तिथे पट्टी जाऊन बारीक तारा आल्या, पण धाग्याने आपली जागा सोडली नाही. याच वाटणीचं सगळ्यांत शुद्ध रूप आज घराघरांत आलेल्या फायबरच्या इंटरनेटमध्ये दिसतं. त्या जोडवायरीत काचेचा तंतू फक्त प्रकाश नेतो. ओढ सोसतात त्याच्याभोवतीचे पिवळे अरामिड धागे, आणि ते पिनेच्या अंगाला दाबून पक्के केलेले असतात. आकड्याला बांधलेला टेलिफोनचा धागा तो हाच.

मग चार्जिंगच्या वायरीत कूळ कुठे तुटलं? दोन ठिकाणी. पहिलं कारण विद्युत्प्रवाह. टेलिफोनच्या तारेतून काही डझन मिलिअँपिअर वाहत. फोन चार्ज करायला २ ते ३ अँपिअर लागतात, म्हणजे सुमारे शंभरपट. तांबं पातळ असेल तर वाटेतच वीज खर्ची पडते. २८ गेजच्या, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीच्या तांब्याला मीटरमागे ०.२१ ओम रोध असतो. एक मीटर वायरीत जायचा आणि यायचा मार्ग मिळून २ अँपिअरला जवळजवळ ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात. मुळात ५ व्होल्ट असताना ही गळती मोठी आहे. २४ गेजची जाड तार घेतली तर तीच गळती ०.३४ व्होल्टवर येते. म्हणून तांबं वाढलं, आणि तांबं वाढलं की वायर वाकायला ताठर झाली. दुसरं कारण जोडणी. टिन्सेलला डाख लावता येत नाही, आतला धागा जळतो. टेलिफोनच्या पारदर्शक प्लगमध्ये म्हणूनच टोकदार पात्या तारेत रुतवतात. यूएसबीच्या पिनेत मात्र तारा एका चिमुकल्या पट्टीवर डाख लावून बसवतात आणि डाख तारेत थोडा वर चढतो. जिथपर्यंत डाख चढला तिथपर्यंत बारीक तारांची जुडी पुन्हा एक भरीव काडी होते, आणि तिच्या पुढच्या टोकापासून मऊ वायर सुरू होते. बाहेरून पाहिलं तर पिनेचं ओतीव प्लास्टिक ताठ आणि वायर मऊ. ताठ आणि मऊ जिथे भेटतात तिथेच सगळी वाक गोळा होते. फोन चार्जिंगला लावून उशीशी धरला की हीच जागा दुमडते. शेपटीसारखं निमुळतं, खाचा पाडलेलं रबर तिथे असतं ते ही वाक पसरवण्यासाठी. ते आखूड किंवा कडक असेल तर वाक त्याच्या टोकाशी सरकते, एवढंच. साडीच्या घडीचं दुखणं ते हेच.

यावर तिसरा आणि सगळ्यांत प्रबळ पक्ष उभा राहतो: वायरचं काय घेऊन बसलात, खरा इतिहास पिनेचा आहे. या पक्षाचं ऐकून घेतलं पाहिजे, कारण पिनेच्या इतिहासातही प्रश्न तोच आहे: झीज कुणी सोसायची? एक्स्चेंजच्या फळ्यावर स्प्रिंगच्या पट्ट्या भोकात असत आणि दोरीचा पितळी प्लग भरीव असे. त्या भोकाचं नाव जॅक, चार्ल्स स्क्रिबनरने केलेल्या, चाकूसारख्या मिटणाऱ्या स्विचवरून पडलेलं. आपला मोबाइल दुरुस्त करणारा आजही ‘चार्जिंग जॅक गेलाय’ म्हणतो. त्या फळ्याला स्प्रिंग आतच ठेवणं परवडत होतं, कारण त्या नीट करायला कामगार रोज हजर होते, आणि दोरी प्लगपाशी झिजली की तेवढा तुकडा कापून प्लग पुन्हा बसवता येत होता. फोनच्या मालकाला यांतलं काहीच शक्य नाही. नोकियाच्या बारीक गोल पिनेने हा प्रश्न साधेपणाने हाताळला, ती भोकात मोकळी फिरत असल्यामुळे वायरीला पीळ पडत नसे. पुढे मिनी-यूएसबीत झिजणाऱ्या पकडीच्या स्प्रिंग यंत्राच्या सॉकेटमध्ये होत्या आणि ते ५,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बेतलं होतं. २००७ मध्ये जाहीर झालेल्या मायक्रो-यूएसबीने त्या स्प्रिंग उचलून केबलच्या पिनेत टाकल्या आणि आयुष्य १०,००० वेळांवर नेलं. मागचा विचार उघड आहे: झिजायचं तर स्वस्त केबलने झिजावं, महाग फोनने नाही. ॲपलच्या २०१२ च्या लाइटनिंगने जुन्या फळ्याची रीत पुन्हा धरली, भरीव पिन आणि स्प्रिंग फोनच्या आत. २०१४ मध्ये आलेल्या सी टाइपने परत मायक्रोचा रस्ता घेतला.

लाइटनिंगचे समर्थक म्हणतात, सी टाइपच्या सॉकेटमध्ये एक मिलिमीटरहून पातळ जीभ आहे, ती फोनमध्ये मोडली तर काय? मुद्दा खोटा नाही. पण जीभ मोडते ती अपघाताने; स्प्रिंग सैल होते ती रोजच्या वापराने, हमखास. रोजची झीज स्वस्त भागाकडे ढकलणं हाच योग्य न्याय, आणि तो सी टाइपने पाळला आहे. मात्र या न्यायाला दुसरी बाजू आहे. झीज केबलकडे दिली, तर केबल ती सोसण्याजोगी बनवायला हवी. यूएसबीच्या मानकांत पिनेसाठी लावण्या-काढण्याचे १०,००० फेरे आहेत. केबल वाकवण्याची चाचणी मात्र दोन दिशांनी प्रत्येकी १०० फेऱ्यांची. या दोन आकड्यांत आजच्या वायरचं सगळं दुःख सामावलं आहे. पिनेवर अभियंत्यांनी जीव ओतला, तिला उलटसुलट लावता येईल असं केलं, आयुष्य दुप्पट केलं; केबलच्या मानेकडे, म्हणजे पिनेलगतच्या वायरीकडे, तशा नजरेने पाहिलंच गेलं नाही. केबल काढता-लावता येते, बदलता येते, म्हणून तिचं तुटणं गृहीत धरलं गेलं. म्हणून पिनेचा इतिहास वायरच्या इतिहासाला खोडून काढत नाही. सोसण्याचं काम केबलवर आलं आणि ते पेलणारा धागा त्याच सुमारास काढून घेतला गेला, हे त्या दोन्ही इतिहासांना एकत्र वाचल्यावरच कळतं.

धागा आता परत येतो आहे. काही केबलींमध्ये मधोमध अरामिडचा पीळ असतो, म्हणजे ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलारच्या जातीचा तंतू. बऱ्याच केबलींवर नायलॉनची वीण चढलेली दिसते. कुणी म्हणेल की केबलच्या आतला धागा फक्त भरण आहे, तारांमधली पोकळी भरून केबल गोल दिसावी म्हणून. स्वस्त केबलींतल्या सुताबाबत हे बरोबरच आहे. म्हणूनच ‘धागा आहे का’ यापेक्षा ‘धागा कशाला बांधला आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा. अरामिड कितीही बळकट असला तरी तो पिनेच्या आत दाबून पक्का केला नसेल, तर ओढ शेवटी डाखावरच जाते आणि धागा शोभेपुरता उरतो. बाहेरची नायलॉनची वीणही घासण्यापासून वाचवते, पण आतल्या डाखाच्या काडीला ती वाचवू शकत नाही. विणलेली केबल पिनेपाशी बंद पडते तेव्हा बाहेरचं आवरण बहुधा धडधाकट असतं. धागा असणं आणि धाग्याने सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टेलिफोनवाल्यांनी तो आकड्याला बांधला होता, फायबरवाले दाबून बसवतात. चार्जिंगच्या केबलीने तेवढंच करायचं आहे.

शेवटचा आक्षेप तांब्याचा: प्रवाह मोठा, म्हणून तांबं जाड, म्हणून वायर ताठ, कुळाचं शहाणपण आता उपयोगी नाही. एके काळी याला उत्तर नव्हतं. २०१४ मध्ये आलेल्या ओप्पोच्या वूक चार्जिंगने ५ व्होल्टलाच ४ अँपिअर देण्याचा मार्ग धरला आणि त्याला जाड केबल लागलीच. पण यूएसबीच्या मानकांनी दुसरा मार्ग निवडला आहे: प्रवाह न वाढवता दाब वाढवायचा. २०१२ मध्ये त्यांनी २० व्होल्टपर्यंत मजल मारली आणि २०२१ मध्ये ४८ व्होल्ट व २४० वॉटपर्यंत. १५ वॉट ५ व्होल्टने द्यायचे तर ३ अँपिअर लागतात. १५ व्होल्टने दिले तर १ अँपिअर पुरतो. प्रवाह एक तृतीयांश झाला की तेवढ्याच तारेत वाया जाणारे वॉट नऊपट घटतात. आता तांबं पुन्हा पातळ करता येईल, आणि पातळ तांबं धाग्याभोवती फिरवता येईल. जरीची रीत ज्या कारणाने सुटली ते कारणच हळूहळू निघून चाललं आहे.

पिनेचा वादही आता मिटला आहे. युरोपीय संघाच्या कायद्याने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला सी टाइप सक्तीचं केलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने सी टाइपचं मानक प्रसिद्ध केलं आहे. एकाच पिनेमुळे एक केबल अनेक यंत्रांना आणि अनेक वर्षं वापरता येईल, असं या निर्णयांमागचं गणित आहे, आणि कचरा कमी व्हावा हा हेतूही. पण केबल मानेशी तुटत राहिली तर हे गणित चुकतं. पिन एक होते आणि फेकलेल्या वायरींचा ढीग तेवढाच राहतो. म्हणून मानकांनी आता वाकवण्याची चाचणीही लावण्या-काढण्याइतकीच कडक, हजारांत मोजली जाणारी करावी, पिनेपाशी वाकवून करावी, आणि तिचा आकडा खोक्यावर छापायला लावावा. केबल घेणाऱ्यानेही वॉट विचारताना दोन प्रश्न आणखी विचारावेत: आत ओढ सोसणारा धागा आहे का, आणि तो पिनेला पक्का बांधला आहे का. जरीच्या कारागिराने शतकांपूर्वी घालून दिलेली वाटणी आजही पूर्ण उपयोगाची आहे, आणि ती पुन्हा पाळण्यासाठी लागणारं साहित्य, यंत्रं आणि विद्या सगळं हाताशी आहे.